पास झालेली गाडी

"तुम्ही माझी गाडी पास केलीत, साहेब. हा सरळसरळ गुन्हा आहे."

तपासणी अधिकाऱ्याचा शिक्का हवेतच राहिला. नापास झालेल्यांच्या शिव्या त्याला पाठ होत्या, रडगाणी पाठ होती, वरच्या ओळखी तर तोंडपाठ. पास केलं म्हणून अंगावर आलेला हा पहिलाच.

हा शाळेच्या व्हॅनचा चालक. व्हॅन त्याच्या बहिणीच्या नवऱ्याची. ते दाजी शेजारीच उभे होते, कपाळाला हात लावून.

"याचं मनावर घेऊ नका, साहेब," दाजी म्हणाले. "चालत्या गाड्याला खीळ घालायची सवयच आहे याला."

"तुम्हीच म्हणालात ना दाजी, नापास झाली की डबा बदलू?"

डबा म्हणजे कन्व्हर्टर. सायलेन्सरच्या अलीकडे बसवलेला, धुरातलं विष मारणारा.

अधिकारी शिकलेला होता आणि ते लपवत नव्हता. "अरे, डब्यात अजून धुगधुगी आहे. आतल्या धातूच्या लेपाला ऑक्सिजन साठवायची कला असते. इंजिनात हवा जास्त झाली की भरून घेतो, कमी पडली की काढून देतो आणि विषारी वायू जाळतो. तुझा डबा म्हातारा झालाय. साठा थोडा धरतो, एवढंच. आत्ता तुझ्या दाजींनी ॲक्सिलरेटर दाबून एकदम सोडला की नाही? तेवढ्यात डब्यात हवा भरली. तेवढी तपासणीला पुरते."

"आणि तपासणीनंतर?"

"तपासणीनंतर तपासणी नसते."

दाजी हसले. अधिकाऱ्यालाही आपलं वाक्य आवडलं.

चालक हसला नाही. त्याच्या मागच्या सीटवरची मुलं शाळा येईपर्यंत माना टाकतात. कुणी ओकतं. व्हॅनच्या तळाचा पत्रा गंजलाय, धूर तिथून आत येतो. शाळा पालकांना सांगते, मुलांना लवकर झोपवत जा. परवा सगळ्यात लहान मुलीला त्याने उचलून खाली घेतलं, कारण हाका मारून ती उठेना. गार हवेत धरल्यावर तिने डोळे उघडले आणि विचारलं, काका, घर आलं का?

हे सगळं त्याने अधिकाऱ्याला सांगितलं. अधिकाऱ्याने मन लावून ऐकलं, अगदी मान हलवत.

"पत्र्याचं खातं वेगळं," तो म्हणाला. "आमच्याकडे फक्त धूर."

शिक्का उमटला. 'पास'चं स्टिकर अधिकाऱ्याने स्वतः जाऊन काचेवर चिकटवलं, वर हाताने थोपटलंही.

चालकाने इंजिन सुरू केलं. काचा वर केल्या. मग उतरून मागचं दार सरकवलं.

"बसा, साहेब. मुलं बसतात तेवढाच वेळ."

अधिकाऱ्याने दाजींकडे पाहिलं. दाजींना एकाएकी आपल्या चपलेत काहीतरी दिसलं.

"बसतो की, बसायला काय झालं," अधिकारी म्हणाला. "पुढे बसतो."

"पुढे मी बसतो. मागे मुलं बसतात. गाडी पास आहे ना तुमच्या लेखी? मग मागे बसताय, की नापास लिहिताय? बोला."