सेट निवेपर्यंत

चंद्रावरच्या खाणीतून कितीतरी वर्षांनी रेणुका कुडाळला घरी आली. पानं वाढली होती आणि सगळे एकदमच बोलत होते. तिला मधे शिरता येईना. तिकडे प्रत्येक शब्द छातीवरच्या रेडिओचं बटण अंगठ्याने दाबूनच बोलायचा, आणि दुसरं कुणी बोलत असलं की आपला सेट बोलूच द्यायचा नाही.

"अगं, तू बोल की!" वहिनी म्हणाली. सगळे गप्प झाले.

रेणुकाचा अंगठा आपसूक छातीवर, बटणाच्या जागी टेकला. ती थांबत थांबत सांगू लागली. "माझ्यासोबतचा सुभान दरडीखाली अडकला. मी त्याच्याशी सारखी बोलत होते. पण मिनिटभर बोललं की सेट तापून जळू नये म्हणून आपला आवाज आपोआप तुटतो. तो निवेपर्यंत मला नुसतं ऐकू येत होतं. सुभान विचारत होता, 'रेणू, आहेस ना?' आणि मी..."

मिनिट भरलं. सवयीने अंगठा उचलला गेला, आणि ती सेट निवायची वाट बघत राहिली.

"अरेरे!" वहिनी हळहळली. "सोलकढी घेतेस ना?"

दादाने ताटातल्या बांगड्यांच्या भावाचा विषय काढला.

रेणुकाने अंगठा पुन्हा छातीवर दाबला. पण कुणी ना कुणी बोलतच होतं.