एक चाक बाहेर

रुपरावांनी वजनकाट्यावर आधी डावा पाय ठेवला, मग उजवा, आणि मग सहज टेकावा तसा उजवा हात खिडकीच्या कठड्यावर टेकला. आकडे लुकलुकले. सदुसष्ट. त्यांनी तळवा दाबला. पासष्ट. आणखी दाबला. खांद्यातून कळ गेली, पण आकडा चौसष्टवर येऊन थांबला.

“चौसष्ट... तीनशे.” एका दमात म्हणायला जमलं नाही, म्हणून दोन दमांत म्हणाले.

मनकर्णाबाई स्वयंपाकघराच्या दारात पेन घेऊन उभ्या होत्या. नवऱ्याचं वजन कॅलेंडरच्या चौकोनात लिहायचं, हे तीन महिन्यांपासून त्यांचं काम. हृदय थकलंय, अंगात पाणी साचतं, असं रामदासपेठेतल्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. मीठ बंद. पाणी मोजून. रोज सकाळी उपाशीपोटी वजन. दोन-चार दिवसांत दोन किलो वाढले, तर ते मांस नाही, पाणी. असाल तसे उठून या. मागच्या खेपेला पाणी फुप्फुसात गेलं होतं. ‘अजून उशीर केला असता तर,’ एवढंच बोलून डॉक्टर थांबले होते. वाक्य पुरं करायची फी त्यांनी घेतली नव्हती.

मनकर्णाबाईंनी आकडा लिहिला नाही.

“उतरा,” त्या म्हणाल्या.

“काहून?”

“उतरा, अन् पुन्हा चढा. हात मांगं बांधून.”

रुपराव हसले. कोराडी रोडवरच्या धर्मकाट्यावर त्यांनी बत्तीस वर्षं कोळशाचे ट्रक तोलले होते. ओव्हरलोड गाडीचा ड्रायव्हर काय काय करतो, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक नव्हतं. कोणी एक चाक हळूच काट्याच्या बाहेर ठेवी. कोणी मागून दुसरी गाडी टेकवून भार तिच्यावर टाकी. ‘मांगं घे गा गाडी,’ ते केबिनमधून ओरडत. आणि पकडलेला प्रत्येक जण पहिलं वाक्य एकच बोले.

“काटाच खराब होऊन राहिला वं,” रुपराव म्हणाले.

बोलून झाल्यावर त्यांना ते ऐकू आलं.

“काटा तुमीच आणला. फरशीले लेवल लावून तुमीच जागा पक्की केली,” मनकर्णाबाई म्हणाल्या. “चाक बाहेर आहे तुमचं.”

त्या खिडकीपाशी आल्या. खिडकी वीज केंद्राच्या चिमण्यांकडे उघडायची. कठडा सकाळी पुसला की दुपारपर्यंत राखेनं करडा व्हायचा, म्हणून मनकर्णाबाई तो दिवसातून दोनदा पुसत. या आठवड्यात पुसला नव्हता. रुपरावांना वाटलं होतं, बाई थकली.

“सोमवार,” त्यांनी पेनानं दाखवलं. राखेत बोटांचे दोन ठसे होते, वर नवी राख बसून पुसट झालेले. “मंगळवारी तीन बोटं. बुधवारी चार. काल अंगठ्यासकट सारी. अन् हा आजचा.” आजचा तळवा पुरा उमटला होता, रेषांसकट. ज्योतिष्याला दाखवता आला असता.

रुपराव उतरले, हात पाठीमागे बांधले आणि चढले.

आकडे बराच वेळ लुकलुकले. मग थांबले. एकोणसत्तर, शंभर.

खोलीत फक्त रुपरावांचा श्वास ऐकू येत होता. त्यात एक बारीक बुडबुडा होता. चार रात्री ते खुर्चीत बसून झोपत होते. मच्छर चावतात, असं सांगितलं होतं. मच्छर खुर्चीत चावत नाहीत काय, हे मनकर्णाबाईंनी विचारलं नव्हतं.

त्या खाली बसल्या. रुपरावांच्या नडगीवर अंगठा दाबला आणि उचलला. खड्डा तसाच राहिला, मळलेल्या कणकेत राहावा तसा. दोघंही तो भरायची वाट पाहत होते. तो भरत नव्हता.

“फिरायले जाता तवा काय खाता?”

“काही नाही.”

“अवो, मी काय इचारलं?”

“पोहे,” रुपराव म्हणाले. “धर्मकाट्याजवळच्या टपरीवर.” मग थोड्या वेळानं, “तर्री थोडीच घेतो.”

“किती?”

“वरून एकदा. मंग आणखी एकदा.”

मनकर्णाबाई उठल्या. कॅलेंडरच्या चौकोनात एकोणसत्तर पूर्णांक एक लिहिलं. मागचे चार आकडे खोडले नाहीत. रामदासपेठेला फोन लावला, आकडा सांगितला, तिकडचं ऐकून घेतलं आणि ठेवला.

“लगेच निंगा म्हणून राहिले. ॲटो बोलावते.”

“जेवून निंगू ना. तू पहाटपासून—”

“तुमी नाही. ॲटो येईस्तोवर मी जेवते.”

वांग्याची भाजी तयार होती. गेले तीन महिने घरात एकच भाजी शिजत होती, बिनमिठाची. भाजीचे दोन-दोन गंज कोण घासेल, म्हणून मीही तेच खाते, असं मनकर्णाबाईंनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं. रुपरावांना ते पटलं होतं. बाईला भांड्यांचा कंटाळाच आहे, असं त्यांनी टपरीवर दोघा-चौघांना सांगितलंही होतं, तर्री ओरपता ओरपता.

मनकर्णाबाईंनी ताट वाढून घेतलं. मग स्टूल ओढलं, त्यावर चढल्या आणि कपाटाच्या वरून, डाळींच्या डब्यांच्या मागून, मिठाची बरणी काढली. झाकण घट्ट बसलं होतं. रुपराव सवयीनं पुढे झाले, आणि थांबले.

झाकण निघालं. मनकर्णाबाईंनी चिमूटभर मीठ भाजीवर टाकलं, कालवलं आणि घास तोंडात घातला.

“लय खारट झालं,” त्या म्हणाल्या, आणि दुसरा घास घेतला.