वरून समुद्र दिसतो

“उस्ताद, वरून समुद्र दिसतो म्हणतात. खरं का हो?”

सात हिवाळे झाले, तरी हा आवाज स्की शिकवणाऱ्या बूलोसच्या कानातून गेला नव्हता. खाली किनाऱ्यावरच्या त्रिपोलीची बस शेवटच्या वळणावर धापा टाकत आली, की तो हमखास ऐकू यायचा.

आज बसमधून एकच बाई उतरली. साठी उलटलेली, डोक्याला काळा रुमाल, आणि पाठीवर कॉलेजच्या पोरांसारखी मोठी निळी सॅक. सॅकच्या खिशाला पिवळं ठिगळ होतं.

बूलोसने ते ठिगळ ओळखलं. ही सॅक त्यानेच पोलिसांच्या हाती दिली होती.

“स्की शिकायचंय?” तिकीटखिडकीतला तानियूस हसला. “हज्जे, या वयात? घसरायचंच तर घरचा जिना काय वाईट?”

“जिन्यावरून रोजच घसरते, बाळा. तिथं शिकवणारा कोणी नाही.”

“बरं, नाव सांगा. उम्म कोण लिहू?”

बाईने सॅकचा पट्टा सावरला. इकडे बाईला थोरल्या मुलाच्याच नावाने हाक मारतात. उम्म म्हणजे आई; अमक्याची आई, तमक्याची आई.

“नुहाद लिही. एवढंच.”

बिचारीला मूलबाळ नसावं, अशा नजरेने तानियूसने बूलोसकडे पाहिलं. बूलोस खाली बर्फाकडे बघत होता.

“तूच बूलोस ना?” ती म्हणाली. “मला तूच शिकव. त्या तारेवरच्या पाळण्यातून वर जायचंय मला.”

“स्की येणाऱ्यालाच वर सोडतात, हज्जे.”

“म्हणून तर शिकायचं.”

बूलोस तिच्या मापाचे बूट शोधायला वळला.

ज्याची ती सॅक, तो मुलगा हैसम. त्रिपोलीच्या बंदरातला, बावीस वर्षांचा. बसने आला, पाच दिवस बूलोसपाशी शिकला. सहाव्या दिवशी डोंगरावर धुकं उतरू लागलं, तेव्हा बूलोसने वर जाणाऱ्या पाळण्याच्या वाटेला साखळी लावली. हैसमने मुकाट्याने स्की काढले, सॅक उचलली, बसकडे निघालाही. आणि मग काय झालं कोण जाणे, हातात फोन घेऊन, हसत, धावत परत आला. “उस्ताद, एकदाच. पटकन जाऊन येतो.” त्याचे लाल गाल पाहून बूलोसला वाटलं, असेल कोणी पोरगी, तिला मोठेपणा दाखवायचा असेल.

त्याने साखळी काढली.

तिसऱ्या दिवशी घळीत मुलाचं प्रेत सापडलं. पोलिसांना बूलोसने सांगितलं, पोरगा साखळीखालून वाकून गेला, माझं ऐकलं नाही. ‘बेफिकीर पोरगा’ असं गाव म्हणालं आणि हळूहळू विसरलं. बूलोस मात्र त्यानंतर कधी वर गेला नाही. खालच्या उतारावर लहान मुलांना शिकवायचा.

आता त्या मुलांच्या रांगेत नुहाद उभी राहू लागली.

“गुडघे वाकवा, हज्जे. नमाजात वाकवता तसे.”

“नमाजात जमीन पळत नाही रे!”

ती पडायची, काठीला धरून उठायची, परत पडायची. दुपारी झातरचा मसाला लावलेली भाकरी मोडून अर्धी त्याच्या हातात द्यायची. तो ती खिशात ठेवून द्यायचा. रोज सकाळी तो ठरवायचा, आज सांगायचं. आज ती विचारील. ती मात्र दम खात गुणगुणत बसे:

दर्या रे दर्या, सांज झाली,
गच्चीवर चादर मी धरली,
ज्याची त्याला घराची खूण,
फिरव होडी, ये रे परतून.

“कसलं गाणं हो?”

“आमच्या गल्लीतलं. होड्या समुद्रात असल्या की बायका गच्चीवर पांढरी चादर धरून उभ्या राहायच्या. चादर दिसली की माणूस घराकडे वळतो.” तिने बुटावरचा बर्फ झटकला. “माझा नवरा तीस वर्षं वळला.”

सहाव्या दिवशी आभाळ धुतल्यासारखं निघालं. नुहाद न पडता उतार उतरली. मुलांनी टाळ्या वाजवल्या. तानियूस खिडकीतून ओरडला, “हज्जे, पुढच्या वर्षी तुम्हीच शिकवा!”

बूलोसला आता नाही म्हणायला जागा नव्हती. पाळण्यात दोघं शेजारी बसले. मांडीवर निळी सॅक. पायांखालून ती घळ गेली. ती बघत राहिली. त्याने डोळे मिटले.

वर वारा होता. लांब, डोंगरांच्या पायथ्यापलीकडे, समुद्राची निळी रेघ होती.

“दिसतो खरा,” ती पुटपुटली.

बूलोस बर्फात गुडघ्यांवर बसला.

“उम्म हैसम,” तो म्हणाला. त्या नावाने ती दचकली नाही. “तो साखळीखालून गेला नव्हता. साखळी मी काढली. धुकं मला दिसत होतं. मी खोटं बोललो. तुमच्या मुलाला गाव बेफिकीर म्हणतं, ते माझ्यामुळे.”

“ठाऊक होतं मला. न विचारता कोणाच्या घरचं पाणीसुद्धा प्यायचा नाही तो.”

“मग बोला ना! शिव्या द्या, ढकलून द्या मला खाली. त्यासाठीच आलात ना एवढ्या लांब?”

ती सॅक उघडत होती. आतून तिने घडी घातलेली पांढरी चादर काढली. वाऱ्याने घडी मोडली. दोन टोकं तिच्या मुठीत, उरलेली दोन वाऱ्यावर फडफडू लागली. कितीतरी वेळ ती तशीच समुद्राकडे तोंड करून उभी राहिली.

“तो बसकडे निघाला होता, बाळा. धुकं आहे, आई, घरी येतो, असं फोनवर म्हणाला. मीच म्हटलं, एवढा गेलायस तर वर जाऊन ये रे, आपलं घर दिसतं का बघ. मी गच्चीवर चादर धरून उभी आहे.”