कावळा शिवेना

रामहरीआबांनी उभ्या जन्मात कुणाची उधारी ठेवली नव्हती. तरी बायपाससाठी कर्ज मागायला गेले, तेव्हा बारामतीच्या बँकेनं स्कोअर पडलाय म्हणून हात वर केले. "मी कुणाचं काय बुडवलं रं?" एवढंच विचारत आबा गेले.

आज दहाव्याला नीरेच्या काठावर पिंडाला कावळा शिवेना. चुलते म्हणाले, "इंद्रजित, आईला सांभाळीन म्हण." तो म्हणाला. बहिणीचं लग्न थाटात करीन, तेही म्हणाला. बाभळीवरचे कावळे जागचे हलेनात.

"ह्यांचा जीव कशात अडकलाय, कळंना," आई पदर डोळ्याला लावत म्हणाली.

इंद्रजितला कळत होतं. आबांच्या नावावर क्रेडिट कार्ड काढून त्यानंच गोव्यापासून आयफोनपर्यंत सगळं केलं होतं, आणि बिल भरायचं सोडून दिलं होतं. तेवढंच पिंडापुढं बोलायचं राहिलं होतं. त्यानं मागं वळून पाहिलं. सगळी भावकी जमली होती, त्याचे होणारे सासरेही आले होते.


तो गुरुजींना म्हणाला, "ऊन लई झालं. दर्भाचा कावळा करा."