रस्त्यावरचा मका

यतीनने क्लिप चौथ्यांदा लावली, तरी पद्मजाने सही केली नाही.

एकोणीस सेकंदांची क्लिप. लष्करी ताफ्यातल्या पहिल्या ट्रकच्या कॅमेऱ्यातून दिसणारा सरळ डांबरी रस्ता, अर्ध्या रस्त्यावर पसरलेला पिवळा पट्टा आणि पट्ट्याच्या कडेला तीन बुटके ढीग. लढाई कुठल्या देशात चालली आहे, ते कागदावर कुठेच नव्हतं. ट्रकला ड्रायव्हर नव्हता. कशासाठी थांबायचं आणि कशासाठी नाही, ते कॅलिफोर्नियात, सांता क्लारातल्या या ऑफिसात लिहिलेलं सॉफ्टवेअर ठरवायचं. त्याने ठरवलं, थांबायचं नाही. मागचे दहा ट्रकही थांबले नाहीत.

गावकरी म्हणत होते, तीन बायका मेल्या. कंपनीचा अहवाल म्हणत होता, रस्त्यावर कोणीही माणूस नव्हता. अहवालावर टीमचा मॅनेजर म्हणून यतीनची सही झाली होती, कंपनीची वकील म्हणून अनिकाची झाली होती. इंजिनिअर म्हणून पद्मजाची झाली, की चार वाजता तो लष्कराकडे जाणार होता आणि उद्या सकाळी ताफा त्याच रस्त्याने पुन्हा निघणार होता.

"ते येलो काय आहे?" अनिकाने विचारलं. तिचा जन्म न्यू जर्सीतला, मराठी घरात ऐकून आलेलं. "इज इट सँड?"

"मका. वाळत घातलाय."

"ऑन द रोड?"

"मग कुठे घालणार? डांबर तापतं. आमच्याकडे वाशिमला सोयाबीन घालतात." पद्मजाने पडद्यावर बोट टेकवलं. "आणि हे ढीग नाहीत. बायका आहेत. आपल्याकडे पाठ करून उकिडव्या बसल्यात, मका सारखा करतायत."

"पद्मजा, प्लीज यार," यतीन म्हणाला. "हात दिसत नाहीत, पाय दिसत नाहीत. सिस्टिमला जे दिसलं, तेच आपण लिहिलंय."

"तुला काय दिसतंय?"

यतीन लॅपटॉपमध्ये बघत राहिला. तो काही आभाळातून पडला नव्हता. सदाशिव पेठेत वाढला म्हणून काय झालं, उकिडवी बसलेली बाई त्याने जन्मात पाहिली नव्हती होय? झोपलेल्याला उठवता येतं, झोपेचं सोंग घेतलेल्याला कोण उठवणार!

"बट हॉर्न तर वाजला असेल ना?" अनिका म्हणाली. "त्या उठल्या का नाहीत?"

"हॉर्न रोजच वाजतो. त्याला कोण उठतं? ड्रायव्हर काच खाली करतो, आईबहिणीवरून शिव्या घालतो आणि बाजूने गाडी काढतो. त्या शिव्यांच्या भरवशावर बसतात बायका." पद्मजाचा आवाज चढला. "तो शिव्या घालणारा माणूसच काढून टाकलात तुम्ही!"

बोलून गेली आणि तिचं तिलाच लागलं. तुम्ही कोण? ती काय वेगळी होती?

गेल्या वर्षी माणूस कसा दिसतो ते मशीनला शिकवायचं होतं, तेव्हा ऑफिसचेच पन्नास जण पार्किंग लॉटमध्ये कॅमेऱ्यासमोर फिरले होते. चालले, पळाले, लंगडले, बाबागाडी ढकलली. एकाने आपला कुत्रासुद्धा आणला होता. निम्म्याहून जास्त मंडळी आपली, जमिनीवर मांडी घालून जेवत मोठी झालेली. पण गळ्यात कंपनीचा बिल्ला घालून उकिडवं बसायला एकालाही सुचलं नाही. सुचलं असतं तरी कोणी बसलं नसतं. अमेरिकेत असं बसतं का कोणी? पद्मजाही बसली नव्हती. नवे बूट घालून ती ऐटीत दोन फेऱ्या मारून आली होती. त्या दिवसापासून कुत्रा दिसला की ट्रक थांबत होता.

"हे बघ," यतीनने आवाज मऊ केला, "तुझी ग्रीन कार्डची फाइल आत्ता कुठे हललीय. आज साइन कर. पुढच्या रिलीजमध्ये आपण हे फिक्स करू."

"पुढचा रिलीज कधी?"

"मार्चमध्ये."

"आणि ताफा उद्या."

यतीनने लॅपटॉप तिच्याकडे सरकवला.

खोलीच्या कोपऱ्यात पाहुण्यांना दाखवायला ठेवलेला कॅमेरा होता. सॉफ्टवेअर तेच. समोर येईल त्याच्याभोवती भिंतीवरच्या पडद्यावर हिरवी चौकट उमटायची आणि खाली 'माणूस' अशी अक्षरं यायची. पाहुणे खूश होऊन फोटो काढायचे. आत्ताही तिथे तीन हिरव्या चौकटी होत्या.

पद्मजा उठली. तिने गळ्यातला स्टोल डोक्यावरून घेतला, कॅमेऱ्याकडे पाठ केली आणि गालिच्यावर उकिडवी बसली. इतक्या वर्षांत सवय मोडली होती, गुडघे कडकडले. मग समोर मका असल्यासारखी ती दोन्ही हातांनी गालिचा सारखा करू लागली.

पडद्यावर दोनच हिरव्या चौकटी उरल्या. तिसरी लुकलुकली आणि करडी झाली. तिच्याखाली अक्षरं आली: ढीग. थांबू नये.

अनिका पडद्याकडे बघतच राहिली. मग तिने लॅपटॉप पुढे ओढला आणि अहवालावरची आपली सही मागे घेतली.

"ऊठ, पद्मजा," यतीन म्हणाला. "कोणीतरी येईल. ऊठ ना."

ती पाठमोरीच बसून राहिली. हात चालूच होते.

"हॉर्न वाजव," ती म्हणाली.