‘सातेरी’चं भगदाड

"वयनी, कॅमेऱ्यान परत बुजवल्यान!" होडीत चढताच जयेंद्रनं मास्क काढला आणि पाठोपाठ वर आलेल्या भावजयीला, रेशमला फोटो दाखवला.

खाली उथळ पाण्यात बुडालेल्या ‘सातेरी’च्या कुशीतलं भगदाड दोघांनी आत्ताच हातांनी चाचपलं होतं. फोटोत मात्र ट्रॉलर धडधाकट होता. हल्लीचे सगळेच कॅमेरे गढूळ पाणी निळं करायचे आणि मोडकं काही दिसलं की सांधून टाकायचे.

आधीचे फोटो बघून चौकशीचे साहेब म्हणाले होते, "जहाजानं धडक दिली कुठं? बोट तर शाबूत आहे. तांडेलाचीच चूक." बोट हाकणारा तो तांडेल रेशमचा नवरा होता.

"आणखी कितीदा उतरूचा?" जयेंद्र वैतागला.

रेशम फोटो निरखत होती. बोटीशेजारी तरंगणारी ती स्वतः जशीच्या तशी होती, कपाळावरच्या व्रणासकट.

"माणसाक ह्यो हात लावणा नाय," ती म्हणाली. "सिलिंडर बदल."

या वेळी ती आतल्या बाजूनं येऊन भगदाडात उभी राहिली आणि दोन्ही हात पसरून तिनं फुटक्या फळ्या घट्ट धरल्या. जयेंद्रनं फोटो काढला.

कॅमेऱ्यानं बाकी सगळी बोट नवीकोरी करून टाकली होती. एका बाईएवढं भगदाड तेवढं त्याला बुजवता आलं नव्हतं.