माडियाची परीक्षा

विद्यापीठाच्या आदिवासी भाषा केंद्रातल्या यंत्राने जैनी पुंगाटीला पुन्हा नापास केलं. “तुमची माडिया शुद्ध नाही,” ते गोड आवाजात माडियातूनच म्हणालं. मातृभाषेच्या या परीक्षेवर तिची वसतिगृहातली जागा अवलंबून होती.

“सर, मी याच बोलीत वाढलेय,” ती केंद्राच्या संचालकांना म्हणाली.

“खरंय गं. पण तुमच्या गावाला रस्ता नव्हता, तिथले आवाज यंत्राला कधी मिळालेच नाहीत.” संचालक ओशाळले. “ते म्हणतं तसं बोल, म्हणजे सुटशील.”

जैनी रोज हेडफोन लावून बसू लागली. यंत्र तिला शब्दाशब्दाला अडवायचं आणि सुधारून म्हणायला लावायचं. हळूहळू तिचे हेल बदलले, घरचे शब्द गळाले. उन्हाळ्याआधी ती पहिल्या श्रेणीत पास झाली.

सुट्टीत ती गावी गेली, तेव्हा तिचे वडील जोगा अंगणात टोपली विणत होते. तिने वसतिगृहाबद्दल, निकालाबद्दल भरभरून माडियात सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग, एरवी फक्त फॉरेस्टच्या साहेबांशी बोलायचे त्या तुटक मराठीत ते म्हणाले, “थकली असशीन. बस.”

“बाबा, माझ्याशी मराठीत का बोलता?”

“दवाखान्यातलं यंत्रबी तुझ्यासारखंच बोलते,” ते खाली बघत म्हणाले. “माझी माडिया चुकते म्हणते.”

जैनीने त्यांचा हात धरला आणि ती घरचा एखादा शब्द शोधू लागली. ओठांवर आला तो यंत्राचाच.

त्या सुट्टीत बापलेक मराठीतच बोलले.